मला त्यात व्याज नाही

नववीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं, 'आय हॅव नो इंटरेस्ट इन इट.' याचं मराठी करा, असं मुलांना सांगितलं. एका मुलीने वहीत लिहिलं, 'मला त्यात व्याज नाही.' मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग हसला, मीही हसलो, आणि तिच्या वहीवर लाल फुली मारली. शेजारी लिहून दिलं, 'मला त्यात रस नाही.'

मुलीची काही चूक नव्हती. तिला 'इंटरेस्ट' हा शब्द गणिताच्या तासाला भेटला होता. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर, हे सूत्र तिला तोंडपाठ होतं. शिवाय तिच्या आईच्या बचत गटाची बैठक दर आठवड्याला त्यांच्याच ओसरीवर भरायची. त्या घरात 'व्याज' हा शब्द जेवणात मीठ असावं तसा रोजचा होता. 'रस' मात्र आंब्याचा, तोही वर्षातून एकदा.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर, रिकामपणी, ते वाक्य मला पुन्हा आठवलं. तिने केलेलं भाषांतर तितकं चुकीचं नव्हतं, असं वाटायला लागलं. एकाच शब्दात इंग्रजांनी व्याजही ठेवलं आणि जिव्हाळाही ठेवला, हे कसं काय? आपल्याकडे या एका शब्दासाठी किमान पाच-सहा शब्द लागतात. बँकेत तो व्याज होतो. पुस्तकाच्या बाबतीत रस किंवा आवड. वर्तमानपत्रात हितसंबंध. न्यायालयात जनहित याचिकेतलं हित. भागीदारीच्या कागदावर हिस्सा. माणसाच्या वागण्याविषयी बोलताना स्वार्थ. आपण शब्द वाटून घेतले म्हणून आपल्याला हे सगळे वेगवेगळ्या मोहल्ल्यांत राहणारे लोक वाटतात. इंग्रजीत ते एकाच घरात राहतात.

या घराचा पाया लॅटिनमध्ये आहे. 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'एसे' म्हणजे असणं. 'इंटरेसे' म्हणजे मध्ये असणं, फरक पडणं. ज्या गोष्टीने मला फरक पडतो तिच्यात माझा इंटरेस्ट. मूळ अर्थ इतका साधा आहे. मग त्यात पैसा कुठून शिरला? ही हकीकत आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे, कारण ती आपल्या फार जवळची आहे.

मध्ययुगात युरोपातल्या चर्चने व्याजाला बंदी घातली होती. त्या व्याजाचं नाव होतं 'उसुरा'. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने तर उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनही नाकारलं. पण व्यापार वाढत होता, पैसा लागत होता. तेव्हा कायदेपंडितांनी एक वाट काढली. कर्ज बिनव्याजीच द्यायचं, पण ठरल्या तारखेला ते परत आलं नाही तर धनकोचं जे नुकसान झालं, जो नफा बुडाला, त्याची भरपाई मागायला हरकत नाही. पैसे वेळेवर आले असते तर धनकोची स्थिती काय असती आणि आता काय आहे, या दोहोंमधला फरक म्हणजे 'इंटरेसे'. उसुरा हराम, इंटरेसे चालेल. तत्त्व म्हणून यात खोट काढणं कठीण आहे. पण व्यवहारात काय झालं? परतफेडीची तारीखच इतकी जवळची लिहायची की ती चुकणार हे दोघांनाही माहीत. तारीख चुकली की भरपाई सुरू. पुढे तारखेचं नाटकही गळून पडलं आणि शब्द तेवढा उरला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५४५ साली, दहा टक्क्यांपर्यंत व्याज घ्यायला कायद्याने मुभा मिळाली. १५५२ मध्ये ती काढून घेतली आणि १५७१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत पुन्हा दिली. पुस्तकात रस वाटणं, गोष्ट मनोरंजक वाटणं, हा अर्थ खूप नंतरचा, अठराव्या शतकात रुळलेला. म्हणजे मी त्या मुलीला जो अर्थ 'बरोबर' म्हणून लिहून दिला, तो वयाने धाकटा होता.

थोडक्यात, आज जगातल्या सगळ्या बँका जो शब्द वापरतात तो बंदी चुकवण्यासाठी काढलेल्या पळवाटेतून आलेला आहे. आपल्या फिक्हमध्ये अशा पळवाटेला 'हीला' म्हणतात.

आता आपला मराठी शब्द पाहा. 'व्याज' हा संस्कृत शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ बहाणा, निमित्त, कपट. अलंकार शिकताना आपण 'व्याजस्तुती' शिकलो, म्हणजे निंदेच्या बहाण्याने स्तुती किंवा स्तुतीच्या बहाण्याने निंदा. 'निर्व्याज प्रेम' म्हणतो तेव्हा त्यातलं व्याज बँकेतलं नसतं, कपट असतं. तरी मला नेहमी वाटतं की मराठी माणसाच्या कानाला त्या शब्दात दोन्ही अर्थ ऐकू येत असणार. ज्या प्रेमात बहाणा नाही आणि ज्यावर परतफेडीचा दरही लावलेला नाही, ते निर्व्याज. एका भाषेत व्याजाचं नाव पळवाटेतून आलं, दुसरीत व्याजाचं नावच बहाणा. अरबीने मात्र आडपडदा ठेवला नाही. 'रिबा' म्हणजे वाढ, फुगणं. त्याच धातूपासून 'रब्वा' म्हणजे उंचवटा, टेकाड. पैसा ज्यात आपोआप उंचावतो तो रिबा.

रिबाविषयी कुरआनाची भूमिका आपल्याला वेगळी सांगायला नको. बकरा सुरेतल्या आयती प्रत्येक जुम्म्याच्या बयानात कधी ना कधी येतातच. व्यापार आणि रिबा एकच, असं म्हणणारे लोक तिथे आहेत आणि त्यांना दिलेलं स्पष्ट उत्तरही आहे. आले इम्रान सुरेत दुपटी-चौपटीने वाढणाऱ्या व्याजाचा उल्लेख आहे. इ.स. ६३२ मध्ये हज्जतुल विदाच्या खुतब्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जाहिलियतच्या काळातलं सगळं येणं व्याज रद्द केलं, आणि सुरुवात आपले सख्खे चुलते हजरत अब्बास यांच्या येण्यापासून केली. कायदा आधी स्वतःच्या घराला लावायचा, ही गोष्ट बयानात जरा कमी येते.

बँकेचं आजचं व्याज म्हणजे तोच रिबा का, हा वाद मी इथे सोडवायला बसलेलो नाही. मी मुफ्ती नाही. बहुसंख्य उलेमा होय म्हणतात. इजिप्तचे शेख तंतावी यांनी १९८९ मध्ये काही सरकारी गुंतवणूक-प्रमाणपत्रांवरचा परतावा जायज ठरवला, २००२ मध्ये अल-अझहरच्या संशोधन अकादमीने बँकेच्या आधी ठरवलेल्या नफ्यालाही हरकत घेतली नाही, आणि दोन्ही वेळा त्यावर जगभर टीका झाली. रिबाचा खुलासा पुरता होण्याआधीच प्रेषितांचं निधन झालं, अशी खंत हजरत उमर यांनी व्यक्त केल्याची रिवायत आहे. जिथे त्यांना खंत वाटली तिथे मी ठामपणे काय बोलणार? माझा प्रश्न वेगळा आहे. आपण व्याजापासून दूर राहतो तेव्हा नेमके कशापासून दूर राहतो?

माझ्या अब्बांचं पोस्टात खातं होतं. वर्षाअखेर पासबुकात व्याज जमा झालं की ते तेवढी रक्कम काढून आणायचे आणि वेगळ्या पाकिटात ठेवायचे. अम्माला बजावायचे, "ये पैसे से चूल्हा नको जलाव." ते पैसे मग कुणा गरिबाला, सवाबची नियत न करता, द्यायचे किंवा सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला. अनेक घरांत हीच पद्धत आहे. अब्बांच्या नियतीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लहानपणीही एक गोष्ट मला खटकायची. जो पैसा आपल्या चुलीला चालत नाही, तो गरिबाच्या चुलीला कसा चालतो? उलेमांकडे याचं उत्तर आहे आणि ते शास्त्राला धरून आहे. तरीही मला वाटतं, आमचं सगळं लक्ष त्या नोटांच्या नापाकीवर होतं. ते पैसे ज्याच्या हप्त्यातून आले असतील त्या माणसाचा विचार आमच्या घरात कधी झाला नाही.

आणि हील्यांचं काय? एक जुना व्यवहार आहे. मला हजार रुपये हवेत. तुम्ही मला कापडाचा तागा बाराशेला उधार विकता आणि तोच तागा त्याच बैठकीत माझ्याकडून हजाराला रोख परत घेता. तागा जागचा हलत नाही. मी हजार घेऊन जातो आणि बाराशे देणं लागतो. व्याज हा शब्द कुठे आलाच नाही. फिक्हमध्ये याला 'ईना' म्हणतात आणि बहुतेक इमामांनी तो नापसंत केला आहे. याचंच दुसरं अरबी नाव 'मुखातरा'. हे नाव समुद्र ओलांडून युरोपात गेलं, तिथे 'मोहात्रा' झालं आणि तिथल्या ख्रिस्ती सावकारांनी आपल्या धर्माची बंदी चुकवायला तेच वापरलं. १६५६-५७ च्या आपल्या गाजलेल्या पत्रांत पास्कल या फ्रेंच विचारवंताने या मोहात्राची भरपूर टर उडवली आहे. ज्ञानविज्ञान आपण युरोपला दिलं हे आपण अभिमानाने सांगतो. ही देणगी मात्र सांगत नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. मुंबई, मुंब्रा, भिवंडीकडे 'हेवी डिपॉझिट'चा व्यवहार चालतो. घरमालकाला काही लाख एकरकमी द्यायचे, त्याच्या घरात दोन-तीन वर्षं बिनभाड्याने किंवा नाममात्र भाड्याने राहायचं, निघताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. देणारा म्हणतो, मी व्याज घेत नाही. खरंच घेत नाही, फक्त घरात राहतो. कर्ज देऊन त्यावर जो लाभ मिळतो तो रिबा, हा फिक्हचा नियम त्याला माहीत असतो. पण लाभ नोटांच्या रूपात नसला की तो डोळ्यांना दिसत नाही. मी असं राहणाऱ्यांना दोष देत नाही. मुसलमान म्हटल्यावर घर मिळायची मारामार, बँकेचं कर्ज मिळायची त्याहून मारामार. सच्चर समितीने २००६ मध्ये बँक-कर्जातला आपला तुटपुंजा वाटा मांडून दाखवला. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. दार बंद असलं की माणूस खिडकी शोधतो. पण खिडकीला दार म्हणू नये.

व्याज म्हणजे केवळ टक्केवारी नाही, हे या मातीने फार आधी अनुभवलं आहे. 'दामदुप्पट' हा आपल्याकडचा जुना नियम, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात त्याचा फायदा ऋणको हिंदू असेल तरच मिळायचा. मुसलमान ऋणकोला नाही, कारण नियम हिंदू धर्मशास्त्रातला! तुमच्या धर्मात व्याजच निषिद्ध, म्हणून व्याजाला मर्यादाही नाही, असा हा अजब न्याय. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. दंगल नगर जिल्ह्यापर्यंत पसरली, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या लोकांचा रोख मुख्यतः कागदावर होता. कागद जाळला की सावकाराचा आणि आपला संबंध संपतो, असं त्यांना वाटलं असणार. कारण संबंध कागदापुरताच उरला होता.

इथे तो इंग्रजी शब्द मला पुन्हा उपयोगी पडतो. ठरलेलं व्याज घेणाऱ्या माणसाला पैशात इंटरेस्ट मिळतो आणि माणसातला इंटरेस्ट संपतो. पाऊस पडला की नाही, दुकान चाललं की नाही, याने त्याला फरक पडत नाही. त्याचा आकडा ठरलेला आहे. 'मध्ये असणं' हा मूळ अर्थ तिथे मेला. उलट आपल्या मुदारबातमध्ये भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफा वाटून आणि पैशाचं नुकसान भांडवलवाल्याचं. तिथे भांडवलवाल्याला आभाळाकडे बघावंच लागतं. इंग्रजीत दोन शब्द आहेत, मुलं परीक्षेत नेहमी गोंधळ करतात. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःस्वार्थी आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला काही देणंघेणं नाही असा. कर्ज-ए-हसना देणारा पहिला हवा, दुसरा नको. आपण बरेच जण दुसरे होऊन पहिले असल्याचं समाधान मिळवतो. मी तरी मिळवलं.

२००५ साली माझ्या धाकट्या चुलतभावाने कोंबड्यांची शेड टाकायला माझ्याकडे चाळीस हजार मागितले. मी दिले. व्याजाचा प्रश्नच नव्हता. डायरीत तारीख घालून रक्कम लिहिली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, कारण कर्ज लिहून ठेवावं हा कुरआनाचाच आदेश आहे. मला फार बरं वाटलं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आमच्या भागात एकही कोंबडी आजारी पडली नव्हती, पण लोकांनी चिकन आणि अंडी खाणं सोडलं, भाव कोसळले, खाद्याची उधारी चढली. त्याची शेड बसली.

मी त्याला कधी तगादा लावला नाही. हे मी अभिमानाने सांगायचो. पण तेव्हापासून काय होत गेलं ते मला फार उशिरा दिसलं. मी त्यांच्या घरी गेलो की तो उठून मला आपली खुर्ची द्यायचा. लग्नात मला आधी वाढलं जायचं. माझ्या घराची कौलं शाकारायची असली, गॅसची टाकी आणायची असली की तो हजर. माझ्या मताविरुद्ध तो बोलायचा बंद झाला. पूर्वी आम्ही राजकारणावर भांडायचो. तो माझ्यापेक्षा जास्त वाचायचा. आता मी काही म्हणालो की तो म्हणायचा, "सही है, भाईजान." मला वाटलं, वयाने समजूतदार झाला.

इमाम अबू हनीफा यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. ते आपल्या एका ऋणकोच्या दारात उन्हात उभे होते. कुणी विचारलं, भिंतीच्या सावलीत का येत नाही? ते म्हणाले, या माणसाकडे माझं येणं आहे. त्याच्या भिंतीची सावली घेणं म्हणजे कर्जावर लाभ घेणं. ही गोष्ट मी शाळेच्या परिपाठात कितीदा तरी सांगितली असेल. मी त्या खुर्चीत किती वर्षं बसलो याचा हिशोब मात्र केला नाही. कोणत्या दराने तो करायचा तेही मला येत नाही.

ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि सोडून दिलंत तर तुमच्यासाठी अधिक चांगलं, असं बकरा सुरेत आहे. एका रमजानमध्ये मी डायरी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोसमोर, मोठ्या मुलासमोर त्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणालो, "जा, माफ केलं." मला वाटलं होतं त्याचे डोळे भरून येतील. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माफ करने को मैं क्या गुनाह करा, भाईजान?"

तेव्हा मला राग आला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी 'कर्जमाफी' नव्हे, 'कर्जमुक्ती' म्हणा असा आग्रह धरायचे. शेतकऱ्याने गुन्हा केला नाही तर माफी कसली, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटायचं. सरकारने ते ऐकावं असंही वाटायचं. सरकारनेही २०१९ मध्ये आपल्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हाच शब्द घातला. माझ्या डायरीपर्यंत मात्र तो पोचला नव्हता.

तीन-चार महिने तो आमच्याकडे आला नाही. ईदला मुलाच्या हाती शिरखुर्मा पाठवला. मग एका संध्याकाळी आला. मी खुर्चीत होतो. तो समोरच्या पलंगावर नीट मागे टेकून बसला, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, अग्रलेख वाचला आणि म्हणाला, "ये क्या भी लिखते, भाईजान. और तुम ये सच मानते?" आम्ही इशापर्यंत भांडलो. आतून दोनदा चहा आला.